फोनवर सोडलेली भाकर

बुलढाणा,
सोमवार, दुपार

प्रिय अक्का,

रविवार, २२ मार्च, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं. इतकी नेमकी वेळ सांगता येते, कारण तेव्हा मी उंद्रीला तुमच्याच स्वयंपाकघरातल्या घड्याळाकडे बघत होते. समोर तुमची सून उज्ज्वला बसली होती आणि तिच्यादेखत रडायचं नाही असं मी ठरवलं होतं. त्या मिनिटाला मला तिच्याकडून कळलं, की तुम्ही दोन वर्षं रोज माझ्याशी खोटं बोललात.

तीन आठवडे मी गप्प बसले. मी तीन आठवडे गप्प बसणं म्हणजे काय, हे तुमच्याइतकं कोणाला ठाऊक? पण काल उज्ज्वलाचा फोन आला. येत्या रविवारी अक्षय तृतीया, तुमची अखजी. तुम्ही गेल्यानंतरची पहिली. तुमच्या नावानं घागर भरायची, ताट वाढायचं, त्यात तुमच्या आवडीचं एक तरी ठेवायचं. सासूला आत्याबाई म्हणायची तिची सवय अजून तशीच आहे; तिनं मला विचारलं, "मामी, आत्याबाईच्या ताटात काय वाढू? तुमच्यावालं का आमच्यावालं?"

मी म्हटलं, शनिवारी सांगते. आणि फोन ठेवून दिला.

अक्का, मला उत्तर माहीत नाही. दोन वर्षं जिच्यासोबत रोज जेवले, तिला काय आवडायचं हे मला सांगता येत नाही. म्हणून हे पत्र. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर शिकवायच्या, की तक्रार आवाज चढवून करू नये, कागदावर करावी, आणि पहिल्यापासून सांगावी. तर पहिल्यापासून सांगते.

लग्न होऊन आले तेव्हा तुम्ही माझं नाव 'कानवेंटवाली' ठेवलंत. मीही कमी नव्हते. तुम्ही 'मले' म्हणालात की मी पुढच्याच वाक्यात 'मला' म्हणायची, सगळ्यांना नीट ऐकू जाईल असं. मी तुम्हाला 'वन्सं' म्हणायची, आणि ते पुणेरी वन्सं तुमच्या अंगाला कसं लागायचं ते बघत राहायची. वर्षानुवर्षं आपण सणावारापुरत्याच बोललो. तुमचा भाऊ दोघींच्या मध्ये बसून खाली मान घालून जेवायचा. तो गेला आणि लक्षात आलं, की त्याच्या आठवणी काढायला मला सगळ्या जगात तुम्ही एकट्याच उरल्या होता.

मग अडीच वर्षांपूर्वी माझी साखर वाढली, गुडघे दुखायला लागले, आणि बंगळुरूच्या लेकीनं, आपल्या नीतानं, मला पॅलिओ आहारावर ठेवलं. तुम्हाला फोनवर समजावताना मला घाम फुटला होता, आठवतं? शेतीचा शोध लागायच्या आधी माणूस जे खात होता तेवढंच खायचं. मटण, अंडी, मासे, भाज्या, कंद, फळं. धान्य नाही, डाळ नाही, दूध नाही, साखर नाही. तुम्ही शांतपणे सगळं ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "म्हंजे शेती करून आमी चूकच केली म्हन."

नीतानं मला एका व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये घातलं. तिथे सोबत मिळेल, स्वयंपाकाच्या नवनव्या कल्पना मिळतील, असं तिचं म्हणणं. माणसं होती खरी. पुण्या-मुंबईची, हैदराबादची. सकाळी उठून ताटांचे फोटो टाकायची. बदामाच्या पिठाचे पॅनकेक. फ्लॉवर किसून केलेला भात. आणि अॅव्होकॅडो! तो बुलढाण्यात मागितला तर भाजीवाल्यानं मला विचारलं, हे कोणत्या आजारावर असतं. मी ग्रुपवर लिहिलं, इथे मिळत नाही, त्याऐवजी काय वापरू? उत्तर आलं, ऑनलाइन मागवा. मी रानातल्या तरोट्याच्या भाजीचा फोटो टाकला तर एकीनं विचारलं, हे गवत आहे का? मी लिहिलं, आदिमानवाला विचारून सांगते, बदाम दळायची चक्की त्यानं कुठून घेतली तेही त्याला विचारायचंच आहे. त्यानंतर तिथे माझ्याशी कोणी बोलेना.

आणि इथे, गल्लीत? आपल्याकडे ताटात अन्न टाकणं म्हणजे घरच्या बाईचा अपमान. महालक्ष्म्यांच्या जेवणाला शेजारी गेले, पोळी नको, भात नको, कढी नको, करता करता ताटात पडवळाची भाजी आणि लिंबाची फोड उरली. त्या बाईंनी पुढच्या वर्षी मला बोलावलं नाही. वाटेत भेटल्या तर गोड आवाजात म्हणाल्या, तुम्ही काही खात नाही ना, उगाच तुम्हाला त्रास. मी त्यांना जे उत्तर दिलं त्यामुळे यापुढेही बोलावणं येणार नाही.

बाराच्या सुमारास मी ताट घेऊन टीव्हीसमोर बसायची. एक दिवस नेमका त्याच वेळी तुमचा फोन आला. काय खाते आहेस म्हणून विचारलंत. मी म्हटलं, दोन उकडलेली अंडी आणि काकडी. काल काय खाल्लं? तेच. परवा? अक्का, परवाही तेच होतं. तुम्ही म्हणालात, "हे तुहे आदिमानव लय आळशी होते काय वं?"

किती महिन्यांनी मी हसले होते, माहीत आहे?

त्या दिवसापासून तुम्ही माझ्या स्वयंपाकघरात शिरलात, उंद्रीहून, फोनवरून. वांग्याच्या भरतात दाणे चालत नाहीत म्हटलं तर तुम्ही भाजलेले तीळ आणि सुकं खोबरं कुटून घालायला लावलंत. तरोट्याची भाजी डाळीशिवाय होत नाही असं मी समजत होते. तुम्ही कांदा दुप्पट घ्यायला सांगितलात, लसूण ठेचून तेलात लाल करायला सांगितलात, आणि वरून कवठाचा गर. मटणाच्या रश्शाला दाटपणा यायला खसखस. शेवग्याच्या पाल्यात फेटलेली अंडी. अंबाडीच्या लाल फुलांची चटणी, जिला मी आधी नाक मुरडलं आणि मग बरणी चाटून पुसून खाल्ली. ग्रुपवर जे मिळालं नाही ते तुम्ही दिलंत, आणि पॅलिओ हा शब्द तुम्हाला शेवटपर्यंत नीट म्हणता आला नाही. तुम्ही त्याला 'पिलू' म्हणायच्या.

आठवड्याभरानं तुम्ही जाहीर केलंत, की आजपासून तुम्हीही भाकर सोडली. तुमचीही साखर थोडी वाढलेलीच आहे, डॉक्टर केव्हाचे मागे लागलेत. मी म्हटलं, अक्का, जन्मभर ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर खाल्लेल्या बाईला हे झेपेल का? तर तुम्हीच माझ्यावर चिडलात. कानवेंटवालीला झेपतं आणि मला झेपत नाही होय?

मग ते आपलं रोजचंच झालं. बाराला फोन. दोघींची ताटं वाढलेली. आधी तुम्ही तुमच्या ताटात काय आहे ते सांगायच्या, मग मी माझ्या. मग दोघी जेवायला लागायच्या, आणि बोलणं चालूच. तुमच्या भावाचं लहानपण, वावरातली माकडं, उज्ज्वलाच्या माहेरचे लोक, माझ्या गल्लीतल्या बायका. कधीकधी तर आपण बोलतसुद्धा नव्हतो. तुमच्या चावण्याचा आवाज यायचा आणि मला माझं ताट एकटीचं वाटायचं नाही.

एकदा मी विचारलं होतं, पाठीमागे भाकर थापल्याचा आवाज येतोय. तुम्ही म्हणालात, सून पोरांसाठी करते आहे. किती पटकन म्हणालात! अक्का, मी तीस वर्षं टेलिफोन खात्यात काढली. ट्रंक कॉलच्या काळात दोन शब्दांवरून ओळखायचे, कोणाच्या घरी कोण गेलं आहे आणि कोण खोटं सांगतं आहे. ऑफिसात माझ्या कानाला सगळे वचकून असत. आणि उंद्रीच्या एका बाईनं मला रोज दुपारी फसवावं?

गेल्या वर्षीची मारुतीच्या पारावरची रोडग्यांची पंगत आठवते? मी यायला तयार नव्हते. कणकेचे जाड रोडगे, वरण, दाण्याचा कूट घातलेली वांग्याची भाजी. त्यातलं मला चालणार ते काय? तुम्ही म्हणालात, ये तर खरी. चिखलीला बस बदलून मी आले. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात गावकऱ्यांनी रोडगे पुरले होते, आणि एका कोपऱ्यात तुम्ही माझ्यासाठी रताळी आणि कांदे पुरून ठेवले होते. पंगतीत एका म्हातारबांनी विचारलं, बाईंना आज उपास आहे का? तुम्ही तिथूनच ओरडलात, "उपास नाही भाऊ, हट्ट हाय तिचा."

सगळी पंगत हसली. मीसुद्धा. आणि मग तुम्ही तुमचं पान उचलून माझ्या शेजारी आणून ठेवलंत. त्यातही रताळीच होती. समोर तुपात बुडवलेले रोडगे फिरत होते, वाढपी आग्रह करत होते, आणि तुम्ही सगळ्यांदेखत हात आडवा धरलात. त्या दिवशी दोन बाया उठून आपल्याजवळ आल्या, निखाऱ्यातला कांदा कसा लागतो म्हणून चाखून गेल्या. परतीच्या बसमध्ये मी विचार करत होते, की माझंही एक गाव आहे. साठी उलटल्यावर मला गाव मिळालं!

उज्ज्वला सांगते, माझी बस सुटली आणि तुम्ही घरी जाऊन तीन रोडगे खाल्ले. तुपासकट.

जानेवारीत तुम्ही गेलात. दुपारी, गोठ्यापाशी, कोणाला आवाजसुद्धा न देता. त्या दिवशी आपलं बोलणं झालं होतं. तुम्ही मला कोहळ्याची भाजी सांगितली होती. तासाभरानं पुन्हा फोन वाजला, तो तुमच्या मुलाचा होता.

आता जे लिहिते ते मी नीतालाही सांगितलेलं नाही. तेरवीला तुमच्या फोटोसमोर बसले होते आणि डोक्यात एकच चालू होतं: मी या बाईची भाकर तोडली. जन्मभर उन्हात राबलेलं शरीर, त्याला भाकरीची सवय. माझ्या नादी लागून तिनं ती सोडली, आणि दोन वर्षांत गेली. कोणी मला तसं म्हणालं नाही. कोणी म्हणालं असतं तर बरं झालं असतं, मी भांडले असते. पण सगळे माझ्याशी चांगलं वागले. घरी आल्यावर मी दोन महिने बाराला ताट वाढून घ्यायची आणि झाकून ठेवायची.

शेवटी सहन होईना म्हणून २२ मार्चला उंद्रीला गेले. तुमच्या चुलीपाशी बसले. उज्ज्वलानं माझ्यासाठी लिंबाचं पाणी आणलं, त्यात साखर न घालता. तेवढं तिच्या लक्षात होतं. आणि मी तिला सगळं सांगून टाकलं. म्हटलं, मुली, शेवटची दोन वर्षं मी तुझ्या सासूला उपाशी ठेवलं.

तिनं पाण्याचा पेला बाजूला सरकवला. मग माझा हात धरून म्हणाली, "मामी, काऊन जीव जाळून राह्यल्या? आत्याबाई तं रोज दोन भाकरी खाये. तुमच्या फोनावर बी हातात भाकरच राहे."

अकरा वाजून दहा मिनिटं.

मी विचारलं, मग मला खोटं का सांगायच्या? ती म्हणाली, तिनंही तुम्हाला हेच विचारलं होतं. आणि तुम्ही तिला काय म्हणालात ते तिनं तुमच्याच आवाजात सांगितलं: "एकली जेवते ना वं ते. तिले वाटू दे, संगं कोनी हाय."

उज्ज्वलाला वाटलं, आता माझ्या जीवावरचं ओझं उतरेल. उतरलंही. खोटं कशाला बोलू? तुमच्या मरणाला मी कारण नाही, हे कळल्यावर दोन महिन्यांनी मी श्वास घेतला. पण पुढच्याच श्वासाला इतका राग आला, की लिंबाचं पाणी तसंच टाकून मी उठले. बसमध्ये चिखलीपर्यंत मी तुम्हाला मनातल्या मनात इंग्रजीतून बोलत होते. मराठीत तुम्ही जिंकल्या असत्या.

कशाचा राग, विचाराल. तुम्ही भाकर खाल्लीत याचा नाही हो. खुशाल खायची होतीत, चार खायच्या होत्यात! मला सांगायचं होतंत ना. "मालती, मी भाकर खाते, तू तुझं खा, पण बाराला फोन कर." एवढं सांगितलं असतंत तर मी फोन बंद केला असता, असं वाटलं तुम्हाला? की माझ्या जिभेची भीती वाटली? मी तुम्हाला टाकून बोलले असते? हो, बोलले असते. पहिले दोन दिवस बोलले असते. तिसऱ्या दिवशी बाराला फोन लावलाच असता.

आणि हे सांगा, तुम्ही माझी कीव केलीत का? दोन वर्षं मी समजत होते की आपण दोघी एका बाजूला आहोत आणि सगळं वरण-भात खाणारं जग दुसऱ्या बाजूला. आणि प्रत्यक्षात त्या बाजूला मी एकटीच? मग त्या दुपारी मी कोणासोबत जेवत होते?

इथे माझं भांडण संपलं असतं. पण काल फोनवर उज्ज्वला आणखी एक बोलून गेली. तिला त्यात काही विशेष वाटलं नाही. ती म्हणाली, तुम्ही दोन वर्षं रोज सकाळी दोन भाज्या करायच्या. एक घरच्यांसाठी, डाळ घातलेली. आणि दुसरी एका लहानशा पातेल्यात, तुमच्या त्या गंजात, माझ्यावाली, डाळीशिवाय. चव बघायच्या, बिघडली तर टाकून पुन्हा करायच्या. उज्ज्वला वैतागायची, तेल जातं, वेळ जातो. तुम्ही म्हणायच्या, फोनवर सांगायची आहे, करून बघितल्याशिवाय कशी सांगू? आणि दुपारी घरची भाजी न घेता तुम्ही ती गंजातलीच खायच्या. फक्त भाकरीसोबत.

म्हणजे ताटातली भाजी खरी होती. भाकर लपवलेली होती. हे मी कुठल्या रकान्यात टाकू, अक्का? निम्मं खोटं असतं का? तुम्ही मला कवठाच्या आंबटपणाचं जे वर्णन करायच्या, ते तुमच्या जिभेवर तेव्हा खरंच असायचं? अंबाडीच्या फुलांची चटणी तुम्हाला आवडायची, की मला आवडली म्हणून तुम्ही ती तीनदा सांगितलीत?

उज्ज्वलाला माहीत नाही. तिला मी विचारलं. ती म्हणाली, आत्याबाई ताटातल्या कशालाच नाव ठेवायच्या नाहीत. खरं आहे. तुम्ही फक्त माणसांना नावं ठेवायच्या.

तर आता रविवारी तुमच्या नावाची घागर भरली जाईल आणि शेजारी ताट असेल. चुकीचं ताट मी वाढू देणार नाही. जिवंतपणी तुम्ही माझ्यासाठी दोन वर्षं ताटाचं नाटक केलंत. निदान या एका ताटात तरी तुमचं खरं असावं. नुसती भाकर-ठेचा हवी असेल तर तसं सांगा, मला राग येणार नाही. येईल, पण मी तो आवरेन. आणि त्या गंजातलं काही खरंच आवडलं असेल, तर तेही सांगा. एकच नाव पुरे. ते एक नाव कळलं तर दोन वर्षांच्या त्या सगळ्या दुपारी मला परत मिळतील.

माझा शब्द घ्या. रविवारी पहिल्या बसनं मी उंद्रीला येते. तुम्ही जे लिहाल ते उज्ज्वलाच्या हातचं नाही, माझ्या हातचं असेल. तुमच्या नावानं घास टाकून झाला की तुमच्या ताटाशेजारी माझं ताट घेईन आणि जे तुमच्या ताटात तेच माझ्या ताटात, भाकर असली तर भाकर. त्या दिवसाची साखर मी बघून घेईन. नीताला कळवायची गरज नाही.

मात्र उत्तर लेखी हवं. स्वप्नात येऊन काही पुटपुटलात तर मी धरणार नाही, आणि फोनचा तर विषयच नको. फोनवर तुम्ही खोटं बोलता आणि मला ते खरं वाटतं. शनिवारी, १८ तारखेला, संध्याकाळी सहाच्या आत पोचेल असं करा. सहा वाजता उज्ज्वला फोन करणार आहे, आणि मला तिला काहीतरी सांगावं लागेल.

तुमची भावजय,
मालती